पहिल्या रांगेतील मालगुजार

गोंदिया जिल्ह्यात आमगावच्या निकट पद्मपूर नावाचे एक लहानसे गाव आहे. आपले कुळ पद्मपूरचे, असे भवभूतीने आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेत सांगून ठेवले आहे. आणि ते पद्मपूर म्हणजे हेच, असा अभिप्राय महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी दिल्यापासून झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानाच्या मुलखातील, लोक त्या महाकवीला आपल्या घरचाच पुरुष मानीत आले आहेत. या भवभूतीच्या तिन्ही नाटकांत विदूषक नाही. संस्कृत नाटकाला जो सहचर जवळजवळ अपरिहार्य मानला जाई, त्याला या गंभीर प्रकृतीच्या कवीने रंगभूमीवर पाऊल ठेवू दिले नाही. परंतु हास्याची ती वाट त्याला सर्वस्वी बंद मात्र करता आली नाही. 'मालतीमाधवा'त राजाच्या मर्जीतला नंदन हा मालतीचा वर म्हणून ठरतो, तेव्हा माधवाचा मित्र मकरंद मालतीचीच वस्त्रे परिधान करून बोहल्यावर उभा राहतो आणि त्या बड्या मानकऱ्याची यथास्थित फजिती करतो. पुरुषाने स्त्रीवेष घ्यावा आणि त्या वेषाच्या बळावर दरबारी माणसाचा तोरा उतरवावा, ही युक्ती पुढे अकराशे वर्षांनी याच मुलखातील शेतकऱ्यांनी व मजुरांनी आपल्या आखरावर, म्हणजे गावाच्या मोकळ्या जागेवर, पेटत्या टेंभ्यांच्या उजेडात पुन्हा वापरली. त्यांनी भवभूती वाचला नव्हता. त्यांच्यासमोर मालगुजार होता.

हा मालगुजार कोठून आला, हे थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, दुसऱ्या वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांताची घडण होऊन वैनगंगेच्या काठचा हा भंडाऱ्याचा मुलूख त्यात सामील झाला. भोसल्यांच्या अमदानीत गावचा पाटील हा वसुलीचा जबाबदार इसम असे. गाव त्याच्या मालकीचे नसे, आणि सरकारची मर्जी फिरली की त्याची पाटीलकीही फिरे. इंग्रजी बंदोबस्ताने या पाटलाला गावाचा मालक, म्हणजेच मालगुजार, केले. सीर आणि खुदकाश्त, म्हणजे घरच्या कसणुकीची, जमीन त्याची, पडीक त्याची, तलाव त्याचा, झाडझाडोरा त्याचा. रयतेने काय काय निस्तार मिळवावा, किती गवत, किती सरपण, किती माती न्यावी, हे 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या दस्तऐवजात नमूद झाले. जेथे हिस्सेदार अनेक तेथे सरकारजमा भरण्यासाठी त्यांच्यातून एक लंबरदार नेमला गेला. कामठा, आमगाव यांसारख्या जमीनदाऱ्या तर याहूनही जुन्या आणि मोठ्या. एका पिढीच्या अवधीत झाडीपट्टीत एक नवा प्रतिष्ठित वर्ग निर्माण झाला, आणि नव्याने प्रतिष्ठा मिळालेल्या कोणत्याही वर्गाप्रमाणे ती प्रतिष्ठा लोकांना दिसावी कशी, ही चिंता त्याला लागली.

या वर्गाविषयी एकांगी लिहिणे अन्यायाचे होईल. धानाच्या या प्रदेशाला ज्या तलावांनी जगवले, त्यांपैकी कित्येक कोहळी पाटलांनी व पुढे मालगुजारांनी आपल्या देखरेखीखाली बांधविलेले किंवा राखलेले आहेत. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय पाहणाऱ्याला त्या कोहळ्यांच्या बुद्धीचा आणि हिंमतीचा प्रत्यय अद्यापि येतो. परंतु तलाव बांधणारा आजोबा आणि त्या तलावाच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या धानाच्या पैशांतून नागपूरला कोट शिवून घेणारा नातू, यांच्यामध्ये पुष्कळ अंतर पडले. ते अंतर आगगाडीने वाढविले. १८८० नंतर नागपूर–छत्तीसगड रेल्वे या भागातून गेली. पुढे ती बेंगाल–नागपूर रेल्वे कंपनीकडे आली, रूळ रुंद झाले, आणि शतक संपता संपता गोंदिया हे मुंबई व हावडा यांना जोडणाऱ्या हमरस्त्यावरचे ठाणे बनले. नंतर थोड्याच वर्षांत जबलपूरकडे जाणारा अरुंद रुळांचा फाटाही येथूनच निघाला. तांदूळ, लाख, तेंदूपान बाहेर जाऊ लागले, आणि परतीच्या डब्यांतून कापड, चाकूकात्री, आरसे, घड्याळे, सुवासिक तेले आणि वार्निशचे जोडे गावात उतरू लागले. ज्या मालगुजाराच्या बापाने जाडाभरडा बंडी-पंचा आयुष्यभर वापरला, तो आता धोतरावर काळा कोट, कोटाच्या खिशाला चांदीची साखळी, हातात मुठीची काठी आणि पायांत करकर वाजणारा जोडा अशा थाटात कचेरीत जाऊ लागला. सरकारनेही या हौसेला खतपाणी घातले. साहेबापुढे खुर्चीवर बसण्याचा मान ज्याला, तो 'कुर्सीनशीन'. त्याच्यावर रायसाहेब आणि रावबहादूर. खुर्चीवर बसायचे म्हटले म्हणजे पोशाखही खुर्चीला शोभणारा हवा.

हलक्या धानाची कापणी होऊन हाताला थोडी उसंत मिळते त्याच सुमारास दिवाळी येते. प्रतिपदेला गायगोधन होते, गोवारी आपली ढाल नाचवितात, आणि भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया सुरू होतात. मंडई म्हणजे केवळ बाजार नव्हे, हे या बाजूच्या माणसाला सांगावे लागत नाही. त्या दिवशी लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यारावळ्यांच्या गाठी पडतात, सोयरिकीची बोलणी होतात, ढीवर आपल्या तलावातले शिंगाडे विकायला आणतात, आणि रात्र पडली की आखरावर दंडार किंवा खडी गंमत यांपैकी एखादे लोकनाट्य उभे राहते. एका गावची मंडई झाली की दुसऱ्या गावची. कोजागरीनंतर ज्यांनी तालमी धरल्या ते संच महिना-दीड महिना फिरतच राहतात.

खडी गंमत ही उभ्याने करावयाची. रंगमंच नाही, पडदा नाही, नेपथ्य नाही. प्रेक्षकांनी जमिनीवर बसून आखलेले वर्तुळ हीच तिची सीमा. शाहीर डफ घेऊन पुढे, त्याच्या पाठीशी ढोलकी, तुणतुणे, चोनके आणि झांज, सूर ओढून धरणारे झिलकरी, आणि मध्ये पायांत चाळ बांधलेला, लुगडे नेसलेला नाच्या. गण व्हावा, गवळण व्हावी, मग सवाल-जवाब आणि झगडे रंगावेत, आणि रात्र पुरती भरात आली म्हणजे सोंगाड्याने हातात सूत्रे घ्यावीत. गणात आणि गवळणीत परंपरेचे बंधन असे. सोंगाड्याच्या प्रहसनात मात्र त्या गावचा, त्या वर्षाचा विषय आपसूक येई. कोणाच्या घरी फोनो आला, कोणी मिशा काढल्या, कोणाची सून मोटारीतून उतरताना पदर सावरीत नाही, कोणता पोरगा मॉरिस कॉलेजात वर्षभर काढून आल्यावर बापाशी हिंदी-इंग्रजी मिसळून बोलू लागला, याची खबर संचाला दिवसा गावात शिरतानाच कोणी ना कोणी देई, आणि रात्री ती सोंग घेऊन उभी राही.

मालगुजारी जाऊन कितीतरी वर्षे लोटल्यावर गोरेगावच्या बाजूला एका मंडईत एका वयोवृद्ध सोंगाड्याने, त्याच्या गुरूकडून आलेले म्हणून, मालगुजाराचे सोंग करून दाखविलेले मी पाहिले आहे. त्याच्याजवळ वेषभूषेचे साहित्य असे काहीच नव्हते. अंगावर नुसते धोतर आणि उघड्या छातीवर कोणाचा तरी उसना घेतलेला कोट. कोटाच्या खिशातून लोंबणारी सुतळी ही घड्याळाची साखळी. पाय अनवाणी. तो वर्तुळात आला तो टाचेवर भार देऊन, गुडघे किंचित बाहेर फेकीत, आणि प्रत्येक पावलाबरोबर तोंडाने नव्या जोड्याचा आवाज काढीत. पहिली चार पावले कोणाच्या ध्यानात आली नाहीत. पाचव्या पावलाला ढोलकीवाल्याने शाईच्या कडेवर बोट घासून तोच करकर आवाज काढला, आणि सगळे आखर हसू लागले. मग तो थांबला, आवाजही थांबला. त्याने पाय उचलला, पण टेकविला नाही. ढोलकीवाल्याचे बोट तसेच अधांतरी राहिले, आणि त्या एका पावलासाठी शे-दोनशे माणसे श्वास रोखून बसली. पुढे किती वाजले असे कोणी विचारताच त्याने मोठ्या डौलाने सुतळी ओढली; ती लांबतच गेली, हातभर, दोन हात, चार हात, आणि शेवटी तिच्या टोकाला बैलाच्या गळ्यातली एक लहानशी घंटा निघाली. ती त्याने कानाला लावली, ऐकली, आणि आपल्या कोतवालाला फर्मावले, की बैल उपाशी आहेत, अर्थात रोवणीच्या बाया अजून घरी जायच्या नाहीत.

त्या शेवटच्या वाक्यावर हसणे झाले, पण ते आधीच्या हसण्याहून निराळे होते. माझ्या शेजारी बसलेली एक म्हातारी हसलीच नाही. तिने नुसती मान हलविली.

या कलेची खरी मर्मदृष्टी मला त्या घंटेत दिसते. लगान, बेदखली, वेठबेगार, कर्जाचे व्याज यांविषयी गावात उघड बोलणे ही जिवावरची गोष्ट होती. वाजिब-उल-अर्जात रयतेचे गवत-सरपण नोंदले होते, तिची तक्रार नोंदण्यासाठी रकाना नव्हता. परंतु जोड्याविषयी बोलण्यास मुभा होती. कोटाविषयी, साखळीविषयी, अत्तराविषयी हसण्यास मुभा होती. कारण थट्टा वेषाची आहे, माणसाची नाही, असा एक संकेत दोन्ही पक्षांनी मुकाट्याने मान्य केलेला होता. सोंगाड्या त्या संकेताच्या आडोशाने जोड्यापासून निघे आणि रोवणीच्या बायांपाशी पोचे. मोठ्यांच्या फॅशनची थट्टा हा आपल्याकडे पुष्कळदा सुखवस्तू लोकांचा आपसांतला विनोद मानला जातो. झाडीपट्टीत तो ज्यांना दुसरे काही बोलता येत नव्हते त्यांनी शोधून काढलेला बोलण्याचा मार्ग होता, आणि म्हणून त्याचा विचार मनोरंजनाच्या सदराखाली करून मोकळे होणे मला पटत नाही.

जगात इतरत्र हीच थट्टा कशी झाली, ते ताडून पाहण्यासारखे आहे. १७७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत लंडनच्या स्ट्रँड भागात मॅथ्यू आणि मेरी डार्ली या दांपत्याने आपल्या दुकानातून 'मॅकरोनी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छानछोकी तरुणांची व्यंगचित्रे छापून विकली. इटलीची सफर करून आलेले हे श्रीमंतांचे चिरंजीव हातभर उंच केसांचे टोप, चिमुकल्या टोप्या, घट्ट अंगरखे आणि दोन-दोन घड्याळे मिरवीत. आणि दुकानाच्या काचेत टांगलेली आपलीच विद्रूप रूपे पाहायला येणाऱ्यांत तेही असत. इकडे बेंगाल–नागपूर रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला, कलकत्त्याच्या कालीमंदिराच्या परिसरात, पटुआ चित्रकार एकोणिसाव्या शतकात नव्या 'बाबूं'ची चित्रे एक-दोन पैशांना विकीत होते: चुणीदार धोतर, पंपशू, इंग्रज राजपुत्राच्या धर्तीवर भांग पाडलेले केस, हातात गुलाब. पुढे १९१७ मध्ये गगनेंद्रनाथ ठाकुरांनी आपल्याच वर्गातील साहेबी थाटाच्या बंगाल्यांवर शिळाछापाच्या चित्रांतून असे कोरडे ओढले, की त्यांची धार आजही बोथट झालेली नाही. परंतु डार्ली काय, पटुआ काय किंवा गगनेंद्रनाथ काय, चित्र काढणारा आणि चित्रातला माणूस समोरासमोर येण्याचे कारण त्यांना क्वचितच पडे. कागद त्या दोघांमध्ये असे. गोंदियाच्या आखरावर कागद नव्हता. ज्याचे सोंग, तो पहिल्या रांगेत, कधी बाजेवर, कधी सतरंजीवर, आपल्या पाहुण्यांसह बसलेला असे. आणि सोंग संपल्यावर संचाची बिदागी त्याच्याच हातून यावयाची असे.

तो का बसे? भीड म्हणून, चाल म्हणून, आणि न बसण्यात अधिक नामुष्की म्हणून. मंडईचा खर्च उचलणे हा मालगुजाराच्या मोठेपणाचाच एक भाग होता, आणि ज्याच्या गावात दंडार उभी राहत नाही त्याच्या गावाची शेजारच्या गावांत नालस्ती होई. शिवाय ज्याचे सोंग निघते तो मोठा, हेही खरेच. सोंगाड्याला हे ठाऊक होते आणि मालगुजाराला सोंगाड्याची मर्यादाही ठाऊक होती. दुसऱ्या दिवशी तोच सोंगाड्या त्याच्याच बांधीत कामाला जायचा होता.

आता या कलेची जी दुसरी बाजू, ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वर्तुळात उभा असलेला नाच्या पुरुष होता, सोंगाड्या पुरुष होता, शाहीर पुरुष होता. बाया मागे, अंधाराच्या कडेला बसत. साहजिकच जे सोंग सगळ्यांत स्वस्तात हशा पिकवी, ते मालगुजाराचे नव्हते. ते त्याच्या सुनेचे होते, आणि पुढे पुढे शाळेत जाणाऱ्या कोणत्याही मुलीचे होते. नऊवारी सोडून पाचवारी नेसणारी, फुगीर बाह्यांचे पोलके घालणारी, पायांत चपला घालून चालणारी, छत्री धरणारी, चष्मा लावणारी स्त्री झाडीपट्टीच्या प्रहसनांत जितकी झोडपली गेली, तितका दुसरा कोणी झोडपला गेला नाही. यात झाडीपट्टी एकटी नव्हती. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित रंगभूमीनेही हेच केले होते. १८८६ च्या 'तरुणी शिक्षण नाटिके'त नारायण बापूजी कानिटकरांनी शिकलेल्या स्त्रीला हास्यास्पद करून दाखविले तेव्हा टाळ्या वाजविणारे लोक निरक्षर नव्हते. परंतु मालगुजाराच्या जोड्यावर हसणारा माणूस वर पाहून हसत होता, आणि त्याच माणसाने शाळकरी मुलीच्या चपलांवर हसावे तेव्हा तो खाली पाहून हसत होता. पहिल्या हसण्याला धैर्य लागे. दुसऱ्याला काहीच लागत नसे, आणि म्हणून ते वाढत गेले.

वस्त्र म्हणजे केवळ नखरा, हे गृहीतक तर या मुलखात मुळातच टिकण्यासारखे नव्हते. १९२७ च्या डिसेंबरात महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितले, की ज्यावरून जात ओळखू येते असे गळ्यातले-हातातले कथलाचे नि चांदीचे ओझे टाकून द्या आणि लुगडे इतर स्त्रिया नेसतात तसे नेसा. हा संदेश नागपूर आणि भंडाऱ्याच्या गावोगाव पोचला. १९५६ च्या नागपूरच्या बौद्ध धम्मदीक्षेनंतर तर त्याने घरोघर रूप घेतले. ज्या बाईच्या आईला पायांत वहाण घालून मालगुजाराच्या दारावरून जाण्याची छाती नव्हती, त्या बाईने धुतलेले पांढरे पातळ नेसून, चपला घालून मंडईला यावे, आणि तेथे सोंगाड्याने 'फॅशनवाली' म्हणून नेमके तेच पातळ आणि त्याच चपला दाखवाव्यात, हा प्रसंग कलेच्या दृष्टीनेही मला लज्जास्पद वाटतो. कारण त्यात सोंगाड्याची नजर चुकली आहे. त्याने उसनी घेतलेली ऐट आणि कष्टाने मिळविलेली प्रतिष्ठा यांतला भेद ओळखला नाही, आणि तो भेद ओळखणे हेच तर त्याचे काम होते.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली व १९५१ च्या मार्चअखेर गावांचा ताबा सरकारकडे गेला. तलाव 'माजी मालगुजारी' झाले. लोकांनी त्यांना थोडक्यात 'मामा तलाव' हे नाव दिले. माजी मालगुजाराची पहिली रांग मात्र कोणत्याही कायद्याने एकदम रिकामी झाली नाही. काही वर्षे तो येत राहिला, बिदागी कमी होत गेली, मग त्याचा मुलगा नागपूरला राहू लागला, आणि त्या जागी तेंदूपानांचा ठेकेदार, राइसमिलवाला, सोसायटीचा चेअरमन, ग्रामसेवक, मास्तर असे नवे लोक येऊन बसले. सोंगाड्याने त्यांचीही सोंगे केली. टेरिलीनचा बुशशर्ट आला, रात्रीसुद्धा काळा चष्मा लावणारा पोरगा आला, खिशात दोन पेने लावून एकही न उघडणारा पुढारी आला, बेलबॉटम आली. त्या सोंगांतही चातुर्य होते. परंतु ज्याच्या हाती आपले पोट आहे त्याच्या तोंडावर त्याचा जोडा वाजवून दाखविण्याची जी धमक जुन्या सोंगात होती, ती नव्यात तशी उरली नाही, कारण ठेकेदाराशी नाते एका हंगामापुरते होते आणि मालगुजाराशी पिढ्यान्पिढ्यांचे.

पुढे वडसा-देसाईगंजच्या मंडळींनी झाडीपट्टीची रंगभूमी पडदा, रंगमंच, तिकीट आणि विद्युत्‌प्रकाश यांसह उभी केली; शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, जेथे भरतील तेथे रात्रभर नाटक चालू लागले, आणि स्त्रीभूमिका स्त्रिया करू लागल्या. २०२३ मध्ये या रंगभूमीवरील विनोदी नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा साऱ्या झाडीपट्टीला आनंद झाला, आणि तो रास्त होता. खडी गंमत त्या मानाने मागे पडली. तिच्या संचांना आता दारूबंदी, हागणदारीमुक्ती, लसीकरण यांच्या प्रचाराचे सरकारी कार्यक्रम मिळतात; काही वृद्ध शाहिरांना शासनाचे मानधन मिळते. प्रचाराच्या प्रहसनात कोणाचा जोडा वाजवायचा, हे आधी मंजूर करून घ्यावे लागते.

१ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि भंडाऱ्याच्या दप्तराची वाटणी झाली. बंदोबस्ताच्या मिसली, निस्तारपत्रके, वाजिब-उल-अर्ज, कोणत्या गावच्या रयतेला किती गाड्या सरपण, हे सारे कोठे ना कोठे बासनात बांधलेले आहे, आणि अभ्यासकाला अर्ज करून ते पाहता येते. सोंगांचे तसे दप्तर नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा आणि दंडारीचा अभ्यास करून फार मोठे काम केले. परंतु या प्रहसनांचा मोठा भाग शाहिरांच्या हस्तलिखित वह्यांत आणि त्याहूनही अधिक त्यांच्या नुसत्या स्मरणात आहे. वह्यांत गाणी सापडतात. कोट कोणता घातला, साखळी कशाची केली, पहिल्या रांगेत त्या रात्री कोण बसले होते, हे त्यांत लिहिलेले नसते. तिरोडा, आमगाव, सालेकसा, अर्जुनी या बाजूंना साठी-सत्तरी उलटलेले नाच्ये आणि सोंगाडे अजून आहेत. आमच्या महाविद्यालयांतील मराठीच्या विद्यार्थ्यांनी येत्या मंडईत त्यांच्याकडे जावे, गाण्याआधी पोशाख विचारावा, गाव विचारावे, साल विचारावे, आणि कोणाचे सोंग केल्यावर बिदागी मिळाली नाही, हे आवर्जून लिहून घ्यावे.